बांध हलवण्याआधी



मागच्या आठवड्यात लासुर्ण्याच्या एक ताई मुलीला घेऊन आमच्या कॉम्प्युटर क्लासवर आल्या. पिशवीतून लॅपटॉप काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, याची नीट वाटणी करून द्या. आम्हा मायलेकींची रोज भांडणं होतात." मला आधी हसूच आलं. पण त्या अगदी खरं बोलत होत्या. लॅपटॉप एकच होता आणि त्यात दोन घरं होती. आईच्या बचत गटाचा हिशेब, शिवणकामाच्या ऑर्डरी आणि लग्नाकार्याचे फोटो विंडोजमध्ये. मुलगी बारामतीला इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर शाखेत, तिचं सगळं काम लिनक्समध्ये. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी लिनक्सला ३० जीबी जागा दिली होती. ती आता काठोकाठ भरली होती. मुलगी म्हणत होती, "आई, तुझ्याकडे एवढी जागा पडून आहे, त्यातली थोडी मला दे." आई म्हणत होती, "देते, पण माझा हिशेब गेला तर?"

मैत्रिणींनो, आजचं बोलणं या "गेला तर?" बद्दल आहे. पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर शाखेच्या प्रात्यक्षिकांना लिनक्स लागतं, त्यामुळे बारामती-इंदापूरच्या कितीतरी घरांत असा दोन घरांचा लॅपटॉप आहे. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा संपला. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही, म्हणून विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकून घेणारेही आता बरेच झाले आहेत. टाकताना सोपं असतं. अडचण येते ती पुढे, जागा कमी-जास्त करायची वेळ आली की.

आधी हे पार्टिशन म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे एका गटात दोघा भावांची जमीन असते. मध्ये बांध असतो. जमीन एकच, पण बांधाच्या अलीकडे एकाचा ऊस, पलीकडे दुसऱ्याचं डाळिंब. कॉम्प्युटरची डिस्क ही ती जमीन, आणि पार्टिशन म्हणजे बांध घालून केलेले वाटे. कोणता वाटा कुठून कुठपर्यंत, याचा एक छोटा तक्ता डिस्कच्या सुरुवातीला लिहिलेला असतो. तो म्हणजे आपल्या मोजणीचा नकाशा. आताच्या कॉम्प्युटरवर या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटीही असते. पण एक लक्षात घ्या, प्रत असते ती नकाशाची. शेतातल्या पिकाची नव्हे.

बऱ्याच जणींची एक शंका असते, ती इथेच सांगून टाकते. लॅपटॉप घेतला ५१२ जीबीचा आणि विंडोज दाखवतं ४७६. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १,०२४ च्या हिशेबाने. म्हणून २५६ चे २३८ दिसतात आणि ५१२ चे ४७६. जागा तेवढीच असते, मापं दोन असतात.

आता माझी गोष्ट सांगते, कारण मी आज जे सांगणार आहे ते मी पुस्तकातून शिकलेले नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी मोठा टेबलावरचा कॉम्प्युटर होता. आमच्या गटात ११ जणी, आणि हिशेब माझ्याकडे. वहीतली तीन वर्षांची नोंद मी मोठ्या हौसेने कॉम्प्युटरवर घेतली होती. कुणीतरी सांगितलं होतं, "सी ड्राइव्हमध्ये काही ठेवू नका, विंडोज बिघडलं तर जाईल. डीमध्ये ठेवा, सुरक्षित राहील." मी सगळं डीमध्ये ठेवलं. वर शहाणपणा म्हणून त्याची एक प्रतही केली, तीही डीमध्येच, दुसऱ्या फोल्डरला.

मग सी ड्राइव्ह भरला. मी वाचून वाचून ठरवलं, डी थोडा उजवीकडे सरकवू आणि सीला जागा देऊ. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून काम सुरू केलं. पडद्यावर आकडा दिसला, तीन तास. मी स्वयंपाकाला गेले. दुसऱ्या तासाला लाईट गेली. इन्व्हर्टर होता, पण तो पंखे आणि दिव्यांना. कॉम्प्युटरच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती, ती बदलायचं राहून गेलं होतं. पडदा काळा झाला.

लाईट आली तेव्हा सी जसाच्या तसा होता. डी उघडेना. अर्धा माल नव्या जागी गेलेला, अर्धा जुन्या जागी राहिलेला. आणि माझी खरी फाईल आणि तिची प्रत, दोन्ही त्याच गाडीत होत्या.

दहा जणींची पासबुकं भरलेली होती, त्यावरून हिशेब पुन्हा उभा केला. अकराव्या वहिनींचं पासबुक संपलं होतं. नवं यायचं होतं म्हणून त्यांचे दोन हप्ते मी फक्त कॉम्प्युटरवर घेतले होते. ८०० रुपयांचे दोन हप्ते. बैठकीत त्या म्हणाल्या, "मी दिले." मीही म्हणाले, "दिले होते." पण लिहिलेलं कुठे होतं? दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं. शेवटी सगळ्यांनी त्यांचा शब्द मानला, हप्ते जमा धरले. पण पुढचे कित्येक महिने त्या वहिनी बैठकीला येऊन दाराशीच बसायच्या. त्यांनी काही चूक केली नव्हती. चूक माझी होती, आणि मान खाली त्यांची गेली होती. १,६०० रुपये ही मोठी रक्कम नाही, पण गटात शब्दाची किंमत असते, ती रुपयात मोजता येत नाही.

म्हणून लासुर्ण्याच्या ताईंनी "गेला तर?" म्हटलं, तेव्हा मी लॅपटॉप उघडण्याआधी त्यांना तीन प्रश्न विचारले. तेच तुम्हाला सांगते. कागद-पेन जवळ असेल तर लिहून घ्या.

पहिला प्रश्न: नक्कल कुठे आहे?

तहसीलला आपण जमिनीच्या कागदाची नक्कल काढतो आणि ती घरी आणून ठेवतो. मूळ कागद आणि नक्कल एकाच कपाटात ठेवून उपयोग नाही. तसंच इथे. डी ड्राइव्ह ही वेगळी वस्तू नाही. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे वाटे असतात. तेव्हा प्रत बाहेर पाहिजे. बाहेरची हार्ड डिस्क, मोठा पेनड्राइव्ह, किंवा दुसऱ्याचा कॉम्प्युटर. आणि प्रत झाली की ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाईली उघडून बघायच्या. एक हिशेबाची, एक फोटो, एक मुलीच्या प्रोजेक्टची. उघडल्या तरच ती नक्कल. आणि विसरू नका, लिनक्समधल्या मुलीच्या कामाचीही प्रत लागते. वाटणीत दोन्ही घरं हलतात.

इथे एक खड्डा आहे. पुढे आपल्याला लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवावा लागू शकतो. तो बनवताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. ज्यावर नक्कल घेतली तोच पेनड्राइव्ह त्याला वापरला, असं झालेलं मी पाहिलं आहे. दोन वेगळे पेनड्राइव्ह घ्या आणि एकावर चिकटपट्टीने "नक्कल" असं लिहून ठेवा.

दुसरा प्रश्न: किल्ली कुणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न विचारला की सगळ्या गप्प होतात. आताच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ डिस्कला आपोआप कुलूप लावतं. त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. रोज आपल्याला ते जाणवत नाही. पण डिस्कच्या वाटण्या बदलल्या किंवा कॉम्प्युटर सुरू होण्याची सेटिंग बदलली, तर कधीकधी निळा पडदा येतो आणि किल्ली मागतो. किल्ली म्हणजे ४८ आकडे, ६-६ आकड्यांचे ८ गट. ती नसेल तर आत सगळं सुखरूप असूनही आपण दाराबाहेर.

ही किल्ली सहसा मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्यावर लॅपटॉप सुरू केला, त्या खात्यात जमा असते. आणि लॅपटॉप सुरू कुणी करून दिला? दुकानातल्या मुलाने, नाहीतर पुतण्याने, नाहीतर जावईबापूंनी, त्यांच्या ईमेलवर. लासुर्ण्याच्या ताईंचा लॅपटॉप पुतण्याच्या खात्यावर होता. पैसे ताईंनी शिलाईतून साठवलेले, काम त्यांचं, आणि किल्ली पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्याकडे. त्याची काही खोट नव्हती, त्याला ते आठवतही नव्हतं. फोन केला, त्याने त्याच्या खात्यात जाऊन आकडे वाचून दाखवले, ताईंनी वहीत लिहिले, मुलीने परत वाचून पडताळले.

तुम्ही घरी गेल्यावर हे एवढं तरी करा. वाटणी करायची नसली तरीही करा. सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन दिसतं का ते बघा. चालू असेल तर किल्ली शोधून कागदावर लिहा आणि रेशनकार्ड, सातबारा जिथे ठेवता तिथे तो कागद ठेवा. लॅपटॉपमध्येच लिहून ठेवू नका. घराची किल्ली कुणी घराच्या आत ठेवून कुलूप लावत नाही. किल्ली मिळतच नसेल, तर विंडोज नीट चालू आहे तोवर हे एन्क्रिप्शन बंद करता येतं. बंद केल्यावर डिस्क पूर्ण मोकळी व्हायला वेळ लागतो, तो पूर्ण होऊ द्या, मगच पुढे जा.

तिसरा प्रश्न: विंडोज खरंच झोपलंय की नुसते डोळे मिटलेत?

विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. आपण शटडाउन करतो, पण विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपला बराच पसारा डिस्कवर तसाच टाकून ठेवतं, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. अशा अवस्थेत लिनक्सने विंडोजच्या वाट्याला हात लावला तर घोटाळा होतो. म्हणून कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करायचं. किंवा त्या दिवसापुरतं शिफ्टचं बटण दाबून धरून शटडाउन करायचं. मग विंडोज पूर्ण बंद होतं.

तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की मगच बांधाकडे जायचं. आणि जाताना मोबाइलवर नकाशाचा एक फोटो काढायचा. विंडोजमध्ये स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक केलं की डिस्क मॅनेजमेंट सापडतं. तिथे खाली आडवी पट्टी दिसते, तोच आपला नकाशा. फोटो काढा आणि दुसऱ्याच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा.

ताईंच्या लॅपटॉपचा नकाशा असा होता. अगदी डावीकडे ईएफआय नावाची छोटीशी पट्टी. मग विंडोजचा सी ड्राइव्ह, साधारण ४४५ जीबी, त्यातले १९० भरलेले. त्याच्या उजवीकडे मुलीचं लिनक्स, ३० जीबी. आणि शेवटी रिकव्हरी नावाची आणखी एक छोटी पट्टी. या दोन छोट्या पट्ट्या बघून पुष्कळांना वाटतं, या कशाला जागा अडवतात, काढून टाकू. नका काढू. ईएफआय म्हणजे गावात शिरायचा रस्ता आहे. तिथूनच कॉम्प्युटर ठरवतो, विंडोजच्या घरी जायचं की लिनक्सच्या. तो रस्ता नांगरला तर दोन्ही घरं बंद.

आणखी एक. विंडोजला लिनक्सचा वाटा वाचता येत नाही. नकाशात तो बिननावाचा, रिकामा असल्यासारखा दिसतो. उजवं क्लिक केलं तर विंडोज एकच पर्याय पुढे करतं: डिलीट व्हॉल्यूम. कधी "ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?" असंही विचारतं. उत्तर नेहमी "नाही". रिकामी दिसणारी जागा म्हणजे मुलीची दोन वर्षांची मेहनत असते.

आता प्रत्यक्ष काम. पहिला नियम असा की ज्याचा वाटा, त्याच्याच हाताने कमी करायचा. विंडोजचा वाटा विंडोजमधूनच लहान करायचा. सी ड्राइव्हवर उजवं क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. तिथे एक चौकट येते आणि आकडा मागते. इथे दोन चुका होतात. एक, तो आकडा एमबीमध्ये असतो. ६० जीबी हवे असतील तर ६० नाही, ६१,४४० लिहायचं. दुसरी, तो आकडा किती कमी करायचं त्याचा असतो, किती ठेवायचं त्याचा नाही. आम्ही ६१,४४० लिहिलं आणि मिनिटभरात सीच्या उजवीकडे ६० जीबीची काळी पट्टी दिसली. अनअलोकेटेड. म्हणजे कुणाच्याच नावावर नसलेली जागा.

कधीकधी विंडोज हट्ट करतं. २५५ जीबी मोकळे असतात आणि ते म्हणतं, फक्त १० देईन. याचं कारण असं की वाट्याच्या मध्येच काही न हलणाऱ्या फाईली बसलेल्या असतात, शेताच्या मधोमध विहीर असावी तशा. त्यातली एक मोठी म्हणजे हायबरनेशनची फाईल. हायबरनेशन बंद केलं की ती जाते, आणि बहुतेक वेळा विंडोज जास्त जागा सोडतं. तरीही नाहीच सोडलं, तर बाहेरचं काही सॉफ्टवेअर आणून जबरदस्ती करण्याआधी विचार करा, आपल्याला खरंच तेवढी जागा हवी आहे का.

आता ६० जीबी मोकळी झाली. मुलगी खूश. म्हणाली, "मॅडम, आता हे माझ्या ३० ला जोडा, ९० होतील." मी म्हटलं, "बाळ, थांब जरा."

या थांब म्हणण्यात आजच्या बोलण्याचं सार आहे. मोकळी जागा लिनक्सच्या डावीकडे होती. उजवीकडे असती, तर फक्त शेवटचा बांध पुढे सरकवायचा होता, आतलं पीक जागच्या जागी राहिलं असतं. पण डावीकडे असल्यामुळे लिनक्सचा सुरुवातीचा बांध हलवावा लागणार. आणि सुरुवात हलली की आतलं सगळं उचलून नव्या जागी न्यावं लागतं, एक न एक कण. वाटा नुसता लहान-मोठा करणं आणि वाटा सरकवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं जे गेलं ते सरकवतानाच गेलं होतं.

मग मी तिला विचारलं, "तुझ्या जुन्या जागेला ही चिकटलेलीच हवी का? की तुला नुसती जागा हवी?" ती विचारात पडली. मग म्हणाली, "नुसती जागा हवी."

मग सरकवायचं कशाला? आम्ही लिनक्स सुरू केलं. उबुंटूमध्ये डिस्क्स नावाचं साधन असतंच. त्यात ती ६० जीबीची मोकळी पट्टी निवडली आणि तिथे एक्स्ट फोर प्रकारचा नवा कप्पा केला. त्याला तिने नाव दिलं "अभ्यास". मग त्या कप्प्याची मालकी तिच्या नावावर केली, त्यासाठी टेक ओनरशिप असा पर्याय असतो, आणि लिनक्स सुरू होताना तो आपोआप उघडेल अशी सोय केली. तिचे मोठे प्रोजेक्ट आणि व्हिडिओ त्यात हलवले. जुन्या ३० जीबीत हवा खेळायला लागली. एकही जुना बांध हलला नाही. नवऱ्याने वेगळी विहीर पाडली म्हणून जुनी बुजवायची गरज नसते, तसं.

शिवाय, हे सगळं करण्याआधीच डिस्क युसेज ॲनालायझर उघडून बघितलं असतं तर ३० पैकी ६ जीबी नुसता कचरा निघाला असता. तो आम्हाला नंतर दिसला. तेव्हा तुम्ही आधी झाडलोट करा. दोन्हीकडची कचरापेटी रिकामी करा, दोनदोनदा डाउनलोड केलेले सिनेमे काढा. कधीकधी वाटणीची गरजच राहत नाही.

तरीही काही वेळा सरकवावंच लागतं. समजा सी ड्राइव्हच भरला आहे आणि जागा लिनक्सकडून घ्यायची आहे. विंडोजला आपल्या लगेच उजवीकडची मोकळी जागाच जोडता येते, लांबची नाही. तेव्हा लिनक्सला सुरुवातीकडून लहान करावं लागतं. हे चालू लिनक्समधून होत नाही. आपण ज्या फांदीवर बसलोय ती कापता येत नाही. त्यासाठी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचं आणि जीपार्टेड नावाचं साधन वापरायचं. जीपार्टेडची एक गोष्ट चांगली आहे. तुम्ही कितीही बदल केले तरी ते लगेच करत नाही. खाली यादी करत जातं. बरोबरची खूण दाबून तुम्ही "करा" म्हणालात की मगच सुरू होतं. तोपर्यंत सगळं मागे घेता येतं. म्हणून खूण दाबण्याआधी ती यादी मोठ्याने वाचा, आणि घरातल्या कुणाला तरी ऐकवा. वाचताना चूक कानाला कळते. आणि सी ड्राइव्हला बिटलॉकरचं कुलूप असेल तर जीपार्टेडमधून सीला हात लावू नका. त्याचं काम विंडोजमधूनच.

खूण दाबली की मात्र थांबवायचं नाही. झाकण लावायचं नाही, वायर काढायची नाही. नव्या एसएसडी डिस्कवर हे काही मिनिटांत किंवा अर्ध्या तासात होतं, जुन्या हार्ड डिस्कवर कित्येक तास लागतात. लॅपटॉप असेल तर बॅटरी १०० टक्के भरलेली आणि चार्जरही लावलेला. टेबलावरचा कॉम्प्युटर असेल तर चालता यूपीएस, नाहीतर काम करूच नका. आपल्याकडे लाईट कधी जाते ते सगळ्यांना माहीत आहे. वादळी पावसाच्या दिवसांत हे काम काढू नका. वळवाच्या पावसाला तुमच्या डिस्कशी काही देणंघेणं नसतं.

काम झाल्यावर विंडोज पहिल्यांदा सुरू होताना कधीकधी डिस्क तपासतं. पडद्यावर टक्के सरकतात. सरकू द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. समजा काहीतरी चुकलं. पडदा काळा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात ग्रब असं काहीतरी लिहिलेलं. बहुतेक वेळा कुणीतरी विंडोजमधून लिनक्सचा वाटा पुसून टाकलेला असतो आणि कॉम्प्युटरला सुरुवात कुठून करायची ते सापडत नसतं. अशा वेळी घाबरून लॅपटॉप उचलून दुकानात नेऊ नका आणि "काहीही करा पण चालू करा" असं तर मुळीच म्हणू नका. "काहीही" मध्ये फॉरमॅट येतं.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर दिसायला लागतं. ते वर्षभर तिथेच असतं, आपल्याला दिसत नाही एवढंच. काळ्या पडद्यामागे तुमचा विंडोजचा वाटा पुष्कळदा तसाच शाबूत असतो. कॉम्प्युटर सुरू होताना एफ १२ किंवा त्या कंपनीचं जे बटण असेल ते दाबलं की यादी येते, त्यात विंडोज बूट मॅनेजर निवडलं की बहुतेक वेळा विंडोज उघडतं. नाहीच उघडलं, तर त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका. कॉम्प्युटर बंद करा आणि जाणकार माणसाला सांगा, "आधी आतला माल बाहेर काढून द्या, मग दुरुस्त करा." हे वाक्य पाठ करून ठेवा. आणि नक्कल घरात असेल तर हे वाक्य तुम्ही न रडता म्हणू शकाल.

ज्यांना लिनक्स मुळापासून शिकायचं आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे आहेत. मराठी आवाजात, मोफत. धडा लावायचा आणि शेजारी आपण करत जायचं. इंग्रजी येत नाही म्हणून थांबायचं कारण नाही.

लासुर्ण्याच्या ताईंचं काम त्या दिवशी साडेतीन तासांत झालं. त्यातला श्रिंक आणि नवा कप्पा याला लागली २० मिनिटं. बाकीचे तीन तास नक्कल घेण्यात, ती उघडून बघण्यात आणि पुतण्याचा फोन लागण्यात गेले. मुलगी मध्ये कंटाळली होती. जाताना ताई म्हणाल्या, "मॅडम, मला वाटलं होतं तुम्ही कॉम्प्युटर दुरुस्त कराल. तुम्ही तर वह्याच तपासत बसलात."

मी म्हटलं, "ताई, तेच काम आहे."

नंतर त्यांनी मला एक गोष्ट दाखवली. गटाच्या हिशेबाचा कागद त्यांनी छापून आणला होता, दर महिन्याचा. खाली सगळ्या बायकांच्या सह्या आणि दोघींचे अंगठे. कॉम्प्युटरवर कितीही ठेवलं तरी महिन्याला एक कागद. आमच्या गटाने हे तेव्हा केलं असतं तर त्या वहिनींना दाराशी बसावं लागलं नसतं.

तेव्हा मैत्रिणींनो, लक्षात काय ठेवायचं? आधी नक्कल, डिस्कच्या बाहेर. मग किल्ली, आपल्या हातात आणि आपल्या अक्षरात. मग विंडोज पूर्ण बंद, चार्जर लावलेला. आणि शेवटी बांध, तोही हलवल्याशिवाय भागत नसेल तरच.

आज घरी गेल्यावर निदान एक काम करा. लॅपटॉप कुणाच्या ईमेलवर चालतो ते बघा. तुमच्या नसेल तर ज्याच्या असेल त्याला आजच फोन लावा. तो चांगल्या मूडमध्ये असताना लावलेला बरा, काळा पडदा समोर असताना नको.